मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा खरा वेळ कसा काढायचा

मुंबईहून न्यूयॉर्कला पोचायला किती तास लागतात? एकाच घरात याची चार उत्तरं मिळतात: साडेपाच, साडेचौदा, सोळा आणि अठ्ठावीस. यातला एकही आकडा हवेतून आलेला नसतो. साडेपाच म्हणजे तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी. साडेचौदा हा परतीच्या उड्डाणाचा वेळ, सोळा हा जातानाचा, आणि अठ्ठावीस म्हणजे घराच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचा. गोंधळ होतो तो एकाच्या जागी दुसरा आकडा वापरल्यामुळे. मग न्यायला येणारा माणूस भलत्या तारखेला विमानतळावर उभा राहतो, नाहीतर पुढचं विमान सुटतं.

खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. आधी अंतर, मग उड्डाणाचा वेळ, मग घड्याळं, आणि अगदी शेवटी रस्ता आणि रांगा.

## तयारी: बसण्याआधी काय जमवायचं

तिकिटाची पूर्ण प्रत घ्या. फोनवर आलेला दोन ओळींचा मेसेज पुरत नाही. त्यात उड्डाण क्रमांक, टर्मिनल, प्रत्येक टप्प्याची तारीख आणि विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवणार आहे हे दिसलं पाहिजे. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, हे लांबच्या प्रवासात नेहमीचंच आहे.

दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड लिहून काढा. मुंबईचा बीओएम. न्यूयॉर्क म्हटलं की जेएफके, नेवार्कचा ईडब्ल्यूआर आणि लाग्वार्डियाचा एलजीए असे तीन पर्याय असतात. जेएफके आणि नेवार्क यांच्यात सरळ रेषेत जेमतेम ३३ किमी आहेत, पण मधे अख्खं मॅनहॅटन येतं आणि गर्दीच्या वेळी रस्त्याने दीड-दोन तास सहज जातात.

त्यानंतर विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतील, दोन दशांश स्थळांपर्यंत पुरे. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. सोबत साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर हवा. बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर उघडून फोन आडवा धरला की ती दिसतात.

## पायरी १: दोन विमानतळांमधलं सरळ अंतर

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. तो सर्वात जवळचा रस्ता नाही. सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे उत्तरेकडून जाणारी वाट उगाच लांब वाटते. मुलांचा पृथ्वीगोल घरात असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो मॉस्को आणि हेलसिंकीच्या आसपासून, आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जाईल. हिशोब या वाटेचा करायचा.

१. रेखांशांतला फरक काढा. पूर्व रेखांश अधिक धरायचे, पश्चिम उणे. ७२.८७ − (−७३.७८) = १४६.६५. उत्तर १८० च्या वर गेलं, तर ३६० मधून वजा करून घ्या.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०.

३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०.

४. दोन्ही उत्तरांची बेरीज घ्या: −०.३८६०.

५. या संख्येचा उलट कोसाइन काढा. ११२.७ अंश येतील.

६. एका अंशाला सुमारे १११.२ किमी. म्हणून ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३० किमी.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने खरा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत इकडे-तिकडे होतो. प्रवासाच्या हिशोबाला त्याने फरक पडत नाही.

तपासणी: उत्तर २,४०० किमीच्या आसपास आलं, तर न्यूयॉर्कच्या रेखांशाचं उणे चिन्ह राहिलंय. उत्तर काहीच्या काही आलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असणार. स्प्रेडशीटमध्ये ही चूक हमखास होते, कारण तिथे कोन आधी रेडियनमध्ये बदलून द्यावे लागतात. आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सर्वात जवळचं अंतर २०,००० किमीच्या फार वर जाऊच शकत नाही.

सावधान: संकेतस्थळांवर हेच अंतर मैलांत किंवा सागरी मैलांत दिलेलं असतं. १२,५३० किमी म्हणजे साधारण ७,७९० मैल किंवा ६,७७० सागरी मैल. हे दोन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. लहान आकडा पाहून "ही कंपनी जवळच्या रस्त्याने नेते" असा समज करून घेऊ नका.

## पायरी २: विमान खरंच कुठून जाणार

सरळ अंतर हे किमान अंतर. प्रत्यक्षात विमान त्याहून जास्त उडतं. ठरलेले हवाई मार्ग, हवामान आणि वारा ही नेहमीची कारणं. गेल्या काही वर्षांत बंद हवाई हद्दींची भर पडली आहे.

दोऱ्याने दाखवलेली वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशियावरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि त्यांच्या वेळेत तासाभराचा फरक पडू शकतो. जुन्या लेखात किंवा दोन वर्षांपूर्वी गेलेल्या नातेवाइकाकडून मिळालेला आकडा म्हणून वापरू नका.

आजची वाट पाहायची असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर उड्डाण क्रमांक टाका आणि मागच्या काही दिवसांची उड्डाणं बघा. एकाच दिवसावर विसंबू नका, चार-पाच दिवसांचे आकडे घेऊन मधला धरा. तिथे "हवेतला वेळ" दिसला तर तो चाकं जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंतचा असतो. तिकिटावरचा वेळ त्याहून जास्त असतो, त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

एका गोष्टीवर लोक सहज विश्वास ठेवत नाहीत, म्हणून आकडे देतो. मधे थांबा घेतला की अंतर फार वाढतं असं वाटतं. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० किमी, लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किमी, एकूण १२,७५० किमी. थेट अंतरापेक्षा फक्त २२० किमी जास्त, लंडन त्या सरळ वाटेपासून १,४०० किमी बाजूला असूनही! दुबईमार्गे गेलात तर १,९२५ आणि ११,००० मिळून सुमारे १२,९२५ किमी. हीही वाढ किरकोळच. पण सॅन फ्रान्सिस्कोचं बघा. मुंबईहून थेट अंतर सुमारे १३,५०० किमी आणि सिंगापूरमार्गे सुमारे १७,५००. तिथे चार हजार किमीचा वळसा पडतो, म्हणजे पाचएक तास हवेतच वाढतात. थांबा कुठे आहे याचा हिशोब प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो.

## पायरी ३: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

लांब पल्ल्याची बोइंग ७७७, बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० ही विमानं ताशी सुमारे ९०० किमी वेगाने उडतात. मात्र हा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो. ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. भारतातून अमेरिकेला पश्चिमेकडून जाताना हा वारा बहुतेक वाट समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

अंदाजासाठी हे गणित पुरेसं आहे:

१. सरळ अंतरात ५ टक्के वाढवा: १२,५३० चे सुमारे १३,१५० किमी.

२. पश्चिमेकडे जाताना ८५० ने भागा, पूर्वेकडे येताना ९५० ने. जाताना साडेपंधरा तास, येताना चौदाला थोडे कमी.

३. जमिनीवर धावणं, वर चढणं आणि उतरणं यासाठी अर्ध्या तासापेक्षा थोडा जास्त वेळ मिळवा. जाताना सुमारे १६ तास, येताना सुमारे साडेचौदा.

हेच मुंबई–लंडनला लावलं तर जाताना साडेनऊ आणि येताना साडेआठ तासांच्या आसपास येतं. कंपनीला मोठा वळसा घ्यावा लागत असेल तर पाचाऐवजी दहा टक्के धरा.

तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हा तो सुरू होतो आणि उतरल्यावर विमान गेटला लागलं की संपतो. उशीर गृहीत धरून कंपन्या त्यात थोडी सवडही ठेवतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं.

तपासणी: तुमचा अंदाज आणि तिकिटावरचा वेळ यांत तासाभराचा फरक चालेल. तीन-चार तासांचा फरक आला, तर तिकिटात थांबा लपलेला आहे किंवा घड्याळांचा हिशोब चुकला आहे.

## पायरी ४: घड्याळांचा हिशोब

सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून या पायरीला निवांत वेळ द्या.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. सुटण्याची मुंबईची, पोचण्याची न्यूयॉर्कची. दोन्ही वेळा यूटीसी या जागतिक वेळेत आणल्याशिवाय त्यांची वजाबाकी करायचीच नाही.

भारत यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे आणि वर्षभर तसाच राहतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे असतं, उन्हाळ्यात ४ तास. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेनऊ.

समजा, मुंबईहून १२ जानेवारीला रात्री ०१:३० ला विमान सुटतं आणि न्यूयॉर्कला १२ जानेवारीलाच सकाळी ०७:०० ला पोचतं.

१. सुटण्याची वेळ: ०१:३० मधून साडेपाच तास वजा. यूटीसीनुसार ११ जानेवारी, २०:००.

२. पोचण्याची वेळ: ०७:०० मध्ये पाच तास अधिक. यूटीसीनुसार १२ जानेवारी, १२:००.

३. फरक: १६ तास.

परतीला समजा तिथून १८ जानेवारीला सकाळी ११:०० ला निघून मुंबईला १९ तारखेला दुपारी १२:०० ला पोचायचं आहे. सरळ वजाबाकी केली तर २५ तास दिसतात आणि माणसं घाबरतात. यूटीसीत निघणं १८ तारखेला १६:०० ला, पोचणं १९ तारखेला ०६:३० ला. म्हणजे साडेचौदा तास.

तेच जातानाचं विमान जुलैमध्ये मुंबईहून ०१:३० लाच सुटलं आणि १६ तासच उडालं, तर न्यूयॉर्कच्या घड्याळात सकाळचे ०८:०० वाजलेले असतील.

सावधान: ब्रिटन आणि युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. अमेरिकेच्या तारखा वेगळ्या आहेत. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक पाचाऐवजी चार तासांचा होतो. विमान कंपन्यांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. पावसाळ्यात काढलेलं डिसेंबरचं तिकीट नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडून बघा.

मध्यरात्रीनंतरचं विमान: मुंबईहून लांब पल्ल्याची बरीच विमानं रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर १२ जानेवारी, ०१:३० असेल तर तुम्हाला ११ जानेवारीच्या रात्री विमानतळावर असायला हवं. "बारा तारखेचं विमान आहे" असं म्हणून लोक बाराच्या रात्री पोचतात, तेव्हा विमान सुटून जवळजवळ एक दिवस झालेला असतो. कॅलेंडरवर १२ च्या चौकोनात काहीच लिहू नका. ११ च्या चौकोनात लिहा: "आज रात्री निघायचं".

तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे +१ असेल तर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचता. परतीच्या प्रवासात ही खूण जवळजवळ नेहमी असते आणि न्यायला येणाऱ्यांकडून तीच निसटते.

## पायरी ५: थांब्याचा वेळ

मधे थांबा असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा मांडा आणि सगळे यूटीसीत ठेवा. उदाहरण दुबईचं घेऊ. दुबई यूटीसीच्या चार तास पुढे आहे.

मुंबईहून पहाटे ०४:३० ला निघालात, दुबईला ०६:१५ ला पोचलात: ३ तास १५ मिनिटं. दुबईहून ०८:३० ला निघालात: थांबा २ तास १५ मिनिटं. न्यूयॉर्कला हिवाळ्यात दुपारी १३:३० ला पोचलात: १४ तास. एकूण साडेएकोणीस तास.

तपासणी: पहिलं प्रस्थान आणि शेवटचं आगमन यूटीसीत आणून थेट वजाबाकी करा. तिन्ही टप्प्यांच्या बेरजेशी ती जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर कुठल्या तरी एका शहराच्या घड्याळाचा फरक चुकला आहे.

दोन तास पंधरा मिनिटांचा थांबा कागदावर ऐसपैस वाटतो. विमान गेटला लागून आपण बाहेर पडेपर्यंत वीसेक मिनिटं जातात, पुन्हा सुरक्षा तपासणी असते, आणि पुढच्या विमानाचं बोर्डिंग सुटण्याच्या बरंच आधी सुरू होतं. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर घेतली असेल तर ती येईपर्यंत थांबावं लागतं. आई-बाबा एकटे जाणार असतील तर तीन तासांपेक्षा कमी थांबा मी कधीच सुचवत नाही, मग तिकीट थोडं महाग पडलं तरी चालेल.

अमेरिकेत शिरताना पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅगा ताब्यात घ्याव्या लागतात आणि पुढे जायचं असेल तर पुन्हा जमा कराव्या लागतात. न्यूयॉर्कला उतरून पुढे ह्यूस्टन किंवा शिकागोला जायचं असेल तर हा सगळा वेळ न्यूयॉर्कच्या थांब्यातून जातो. अबू धाबीमार्गे थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची ही तपासणी बहुधा अबू धाबीतच उरकते, म्हणून तिथला थांबा मोठा ठेवा.

सावधान: दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यास नवं तिकीट स्वतःच्या खर्चाने काढावं लागतं. शिवाय बॅगा घ्यायला बाहेर पडायचं असेल तर मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो. स्वस्तात मिळालं म्हणून असं तिकीट काढण्याआधी हे दोन्ही तपासा.

## पायरी ६: दारापासून दारापर्यंत

आता पुण्याच्या कोथरूडहून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंतचा हिशोब करू. विमान तेच, १२ जानेवारी, ०१:३० चं. हा हिशोब उलटा, म्हणजे विमानापासून घराकडे करत यायचा.

१. चेक-इनची खिडकी सुटण्याच्या किमान तासभर आधी बंद होते, पण ती वेळ गाठण्याचं लक्ष्य ठेवायचं नाही. साडेतीन तास आधी, म्हणजे रात्री १०:०० ला टर्मिनल २ वर.

२. कोथरूड ते टर्मिनल २ चार तास, घाटातल्या कोंडीसाठी आणखी एक. घर सोडायचं ११ तारखेला संध्याकाळी ५:०० ला. तो रविवार असेल तर मुंबईकडे परतणाऱ्यांची गर्दी असते, दुपारी ४:०० लाच निघा.

३. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा यांना दोन तास. सकाळी ०९:०० ला बाहेर.

४. जेएफके ते एडिसन दीड तास. घरी १०:३०, म्हणजे भारतात १२ तारखेची रात्र, ९:००.

संध्याकाळी पाच ते दुसऱ्या दिवशी रात्री नऊ: २८ तास. त्यातले विमानातले फक्त १६. एडिसनच्या माणसाला नेवार्कला उतरणारं विमान मिळालं तर शेवटचा टप्पा निम्म्यावर येतो.

नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून विमानाने मुंबईला येणार असाल तर आधी बघा की ते कुठे उतरतंय. टर्मिनल १ वरून टर्मिनल २ ला रस्त्याने जावं लागतं. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिथे उतरून सहारच्या टर्मिनल २ ला पोचायचं म्हणजे शहर ओलांडायचं.

हे २८ तास औषधांसाठीही महत्त्वाचे आहेत. रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन घड्याळ बघून घेतलं तर डोस दोनदा पडतो किंवा चुकतो. यूटीसीतला हा तक्ता डॉक्टरांना दाखवा आणि दोन डोसमध्ये किती तास ठेवायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा.

## पायरी ७: निघण्याच्या आदल्या दिवशी

कंपनीच्या संकेतस्थळावर सुटण्याची वेळ आणि टर्मिनल पुन्हा बघा. न्यायला येणाऱ्याला "उद्या सकाळी पोचतोय" असा निरोप देऊ नका, कारण तुमचं उद्या आणि त्याचं उद्या वेगळं असतं. असा मेसेज पाठवा: "उड्डाण क्रमांक अमुक. जेएफके, टर्मिनल अमुक. तुमच्या घड्याळाने सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ०७:००. बाहेर यायला ०९:०० वाजतील." वार आणि तारीख दोन्ही लिहा. त्यांतलं एक चुकलं तर वाचणारा लगेच विचारेल.